संन्यासी खासदार आणि भाषावार प्रांतरचना

लोकप्रतिनिधीची ओळख निवडणुकीच्या आकड्यांनी करून देण्याची रीत आता रूढ झाली आहे. तो किती वेळा उभा राहिला, किती मताधिक्याने निवडून आला आणि त्याने पक्ष किती वेळा बदलला, एवढे सांगितले की चरित्र पुरे झाले असे मानले जाते. स्वामी रामानंद तीर्थ यांची नोंद या रीतीने करावयाची झाल्यास ती दोन ओळींत संपेल. १९५२ मध्ये गुलबर्गा मतदारसंघातून आणि १९५७ मध्ये औरंगाबाद मतदारसंघातून ते काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून गेले. १९६२ च्या लोकसभेत ते नव्हते. परंतु या दोन निवडणुकांच्या दरम्यान मराठवाड्याचा आणि बिलोलीसारख्या सीमेवरच्या तालुक्याचा नकाशा ठरला, आणि त्या नकाशाविषयी स्वामीजींचे स्वतःचे असे एक ठाम मत होते.

विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे ३ ऑक्टोबर १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. असहकाराच्या चळवळीत त्यांनी सरकारी शाळा सोडली. पुढे कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काही काळ काम केले. जोशी हे मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी होते. त्यामुळे पाठीशी बहुमत नसतानाही सभागृहात एखाद्या वर्गाची बाजू कशी मांडावी लागते, हे या तरुणाला फार लवकर जवळून पाहावयास मिळाले. त्यानंतर हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत अध्यापन, १९३२ मध्ये संन्यासदीक्षा आणि मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापकपद असा त्यांचा प्रवास झाला. मराठवाड्याने त्यांना प्रथम पाहिले ते शिक्षक म्हणून.

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. स्वामीजींनी शाळा सोडली, सत्याग्रह केला आणि कारावास पत्करला. बंदी उठली ती १९४६ मध्ये. त्याच वर्षी बिलोली तालुक्यात अर्जापूर येथे स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. राजकीय काम करणाऱ्या माणसाला काय किंमत द्यावी लागेल, हे या भागाला त्या दिवशी कळून चुकले. संघटनेच्या अध्यक्षपदासाठी स्वामीजी आणि बूर्गुल रामकृष्णराव यांच्यात चुरस झाली व स्वामीजी निवडून आले. तडजोडीने जबाबदार राज्यपद्धती मिळवावी असे मानणारा मवाळ गट आणि हैदराबादचे भारतात संपूर्ण विलीनीकरण मागणारा जहाल गट यांच्यातील कौल म्हणून त्या निवडणुकीकडे पाहिले पाहिजे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी स्वामीजींना अटक झाली. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन निजामी राजवट संपली, तेव्हा ते पुन्हा तुरुंगात होते आणि तेथूनच बाहेर आले.

राजवट गेली, तरी राज्य उरले. १९५२ च्या निवडणुकीनंतर बूर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले आणि स्वामीजी दिल्लीस गेले. त्यावेळच्या हैदराबाद राज्यात औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे, बीदर, गुलबर्गा व रायचूर हे तीन कानडी जिल्हे आणि तेलंगणाचे तेलुगु जिल्हे एकत्र नांदत होते. हे संमिश्र राज्य अखंड राहावे असे म्हणणाऱ्यांत लहानसहान माणसे नव्हती. पंडित नेहरूंनाही ते मोडणे मनापासून रुचत नव्हते. अनेक भाषांची माणसे एकत्र राहतात याचे ते उदाहरण ठरेल, ही त्यांची भूमिका उदात्तच होती.

स्वामीजींचे मत निराळे होते. हैदराबादचे त्रिभाजन व्हावे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. या आग्रहामागे भाषेचा अभिमान होता असे म्हणता येणार नाही. जन्माने कानडी मुलखातील आणि कर्माने मराठी मुलखातील या संन्याशाला एका भाषेचा अभिमान बाळगून चालण्यासारखे नव्हते. कारण लोकशाहीच्या व्यवहारातले होते. निजामी अमलात कारभार आणि न्यायालये उर्दूत चालत. उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू होते. ज्या शेतकऱ्याची जमीन सरकारी कागदावर चढे, त्याला तो कागद वाचता येत नसे. राजा गेला तरी लोकांना न कळणाऱ्या भाषेतला कारभार राहिला, तर सत्ता लोकांच्या हाती आली असे कसे म्हणावे? या प्रश्नाला अखंड हैदराबादचे पुरस्कर्ते समाधानकारक उत्तर देऊ शकले नाहीत.

या मताची राजकीय किंमत ध्यानात घेतली पाहिजे. राज्याचे तीन तुकडे होणे म्हणजे स्वामीजींनी तीन भाषांच्या कार्यकर्त्यांतून उभारलेल्या संघटनेचेही तीन तुकडे होणे. गुलबर्गा म्हैसूरकडे जाणार, तेलंगण आंध्रकडे आणि मराठवाडा मुंबईकडे. ज्या मतदारसंघाने त्यांना निवडून दिले, तोच त्यांच्या कार्यक्षेत्राबाहेर जाणार होता. आपल्या सत्तेचा पाया आपल्याच मताने काढून घेणारे लोकप्रतिनिधी संसदेच्या इतिहासात फार आढळत नाहीत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली आणि तत्त्वाचे रूपांतर सीमारेषेत झाले. नांदेड जिल्ह्यातील देगलूर तालुक्याची बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आणि मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. त्याच मुधोळ तालुक्यातील धर्माबादचा भाग मात्र इकडे राहिला आणि बिलोलीस जोडला गेला. बीदर जिल्ह्यातून अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मराठवाड्यास मिळाले. आज ते लातूर जिल्ह्यात आहेत. बाजारहाट, सोयरीक आणि शेतीवाडी यांना भाषेची रेघ ठाऊक नसते. सीमेवरच्या माणसाला या रचनेचा लाभ झाला तसा जाचही झाला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

मराठवाडा ज्यात सामील झाला, ते राज्यही तेव्हा महाराष्ट्र नव्हते. ते गुजरातसह द्वैभाषिक मुंबई राज्य होते. येथे तीन प्रतिनिधींची तुलना उद्बोधक ठरते. मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले. काकासाहेब गाडगीळांनी लोकसभेत संयुक्त महाराष्ट्राची बाजू मांडली, पण ते पक्षात राहिले आणि १९५७ मध्ये पुण्यात पराभूत झाले. स्वामीजीही पक्षात राहिले, द्वैभाषिक राज्यातून काँग्रेसच्याच तिकिटावर उभे राहिले आणि औरंगाबादेत विजयी झाले. हा विजय सहज गृहीत धरण्यासारखा नव्हता. मराठवाड्यात काँग्रेसची स्थिती पश्चिम महाराष्ट्रापेक्षा बरी होती हे खरे. तथापि त्याच निवडणुकीत नांदेडच्या द्विसदस्य मतदारसंघातील एक जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या हरिहरराव सोनुले यांनी जिंकली होती.

हैदराबाद मोडण्याचा धीर दाखविणाऱ्या नेत्याने द्वैभाषिकाच्या प्रश्नावर पक्षशिस्त मानावी काय, हा आक्षेप रास्त आहे. लोकसभेतील बहुतेक निर्णय आवाजी मताने होतात, सभासदांची मते मतविभाजन झाले तरच नोंदली जातात, आणि तेथेही पक्षादेशाचा पगडा असतो. तेव्हा केवळ मतदानाच्या नोंदीवरून सभासदाची विचारसरणी वाचू पाहणारा वाचक फसण्याचा संभव अधिक. पक्षाने ठरविण्यापूर्वी त्याने पक्षात कोणता आग्रह धरला आणि त्यासाठी स्वतःचे काय पणाला लावले, हे पाहिले पाहिजे. हैदराबादच्या प्रश्नावर स्वामीजी या कसोटीस पूर्णपणे उतरतात. द्वैभाषिकाच्या प्रश्नावर त्यांचे पारडे तितके जड भरत नाही. १९६० मध्ये मराठी राज्य झाले, त्याचे मोठे श्रेय रस्त्यावर उतरलेल्या जनतेकडे जाते.

उत्तरायुष्यात स्वामीजी निवडणुकीच्या राजकारणापासून दूर राहिले. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले, त्यामागे त्यांचीच प्रेरणा होती. हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणी त्यांनी १९६७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेले विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते, आणि बिलोलीच्या विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावर ते छापलेले असते.

मराठवाड्याने महाराष्ट्रात येताना अटी घातल्या नाहीत, असे अभिमानाने सांगितले जाते. अनुशेषाची तक्रार मात्र टिकून राहिली. त्यासाठी १९९४ मध्ये आलेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदतही २०२० मध्ये संपली. लोकांच्या भाषेत राज्य चालावे म्हणून ज्याने आपले राज्य मोडू दिले, त्याच्या मताची परिपूर्ती सीमा आखून झाली नाही. बिलोलीच्या कचेरीत येणाऱ्या माणसाला मराठी कागद वाचता येतो, ही त्या मताची अर्धी सिद्धी होय. त्या कागदावरचे काम वेळेवर होणे हा उरलेला अर्धा भाग आहे, आणि तो विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे.