वेदर ‘ऑफ’ करायचं बटण नव्हतं तेव्हा

नकाशा उघडा. पट्टीचं एक टोक अहमदाबादच्या विमानतळावर ठेवा, दुसरं जुहूच्या. रेघ ओढलीत की ती सुरत, डहाणू, पालघर असं करत किनाऱ्याच्या सोबतीने खाली येते आणि थेट वसईच्या किल्ल्यापाशी पोचते. तुम्ही गोखिवऱ्यात राहत असाल, तर घरापासून पश्चिमेला पाच-एक किलोमीटरवर. तिथून जुहू हवेतून पंचवीस-एक किलोमीटर. 15 ऑक्टोबर 1932 च्या दुपारी एक इवलंसं विमान अहमदाबादहून जुहूला आलं, ते याच टप्प्यावर. आत एकटा वैमानिक आणि टपालाची पोती. त्या वैमानिकाचं नाव जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. आपले जेआरडी.

आता हाच प्रवास तुम्ही घरबसल्या सिम्युलेटरवर करता. त्यात ‘ॲक्टिव्ह स्काय’सारखं एखादं वेदर ॲड-ऑन टाकलं की बाहेरची खरी हवा स्क्रीनवर उतरते. हे ॲड-ऑन विमानतळांचे ‘मेटार’ अहवाल उचलतं. वाऱ्याची दिशा आणि वेग, किती लांबचं दिसतंय, ढग किती उंचीवर आहेत, तापमान, हवेचा दाब असं सगळं त्यात असतं. वरच्या थरातला वारा ते हवामानाच्या संगणकीय मॉडेलमधून घेतं. आणि फारच हेलकावे बसायला लागले तर? मेनूत जायचं आणि आकाश निरभ्र करून टाकायचं. ही सोय जेआरडींना नव्हती, एवढं तर उघडच आहे. पण मग त्यांच्याकडे होतं तरी काय? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

जेआरडींचा जन्म 29 जुलै 1904 चा, पॅरिसमधला. आई फ्रेंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे कुटुंब उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्डलो इथे जायचं आणि तिथे शेजार होता लुई ब्लेरिओचा. 1909 मध्ये विमानाने इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणारा तोच हा ब्लेरिओ. त्या किनाऱ्यावरची विमानं बघून पोरगा वेडावला नसता तरच नवल. 15 व्या वर्षी विमानातून एक फेरी मारायला मिळाली आणि मग विषयच संपला.

पण लगेच पंख फुटले असं झालं नाही. केंब्रिजला जाऊन इंजिनिअरिंग शिकायचं मनात होतं. वडिलांनी कामासाठी भारतात बोलावून घेतलं, 1926 मध्ये वडीलच गेले आणि डिग्री राहिली ती राहिलीच. ही खंत त्यांना आयुष्यभर होती. विमान चालवायची संधी आली 24 व्या वर्षी, मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाल्यावर. 10 फेब्रुवारी 1929 ला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला हा पहिला परवाना, क्रमांक 1.

पुढे आगा खान यांनी 500 पौंडांचं बक्षीस लावलं. भारत आणि इंग्लंडमधलं अंतर एकट्याने विमानातून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होतं. जेआरडी कराचीहून निघाले. समोरून, इंग्लंडहून, ॲस्पी इंजिनिअर नावाचा 17 वर्षांचा मुलगा येत होता. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली, तेव्हा ॲस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून बसला होता. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग देऊन टाकले. शर्यत ॲस्पीने जिंकली. पुढे हाच मुलगा भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

त्याच सुमारास नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा माजी आरएएफ वैमानिक टाटांकडे एक योजना घेऊन आला. विलायतेची टपाल ‘इम्पीरियल एअरवेज’ कराचीपर्यंत आणत होती. तिथून ती अहमदाबाद, मुंबई, बेल्लारीमार्गे मद्रासला विमानाने न्यायची. सरकारने आर्थिक मदत नाकारली, तरी टाटांनी दोन लाख रुपये घातले, दोन ‘पस मॉथ’ विमानं घेतली आणि काम सुरू केलं.

पस मॉथ म्हणजे एका इंजिनाचं, कापडी पंखांचं विमान. वेग ताशी 160 किलोमीटरच्या आसपास. त्या 15 ऑक्टोबरला जेआरडींनी सकाळी साडेसहाच्या सुमारास कराची सोडलं. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी दोनच्या आत ते जुहूला उतरले. मुंबई ते मद्रास हा पुढचा टप्पा व्हिन्सेंटचा होता.

विमानात रेडिओ नव्हता. वाटेवर दिशा दाखवणारी यंत्रणा नव्हती. हवामान खातं 1875 पासून होतं, पण त्याचं म्हणणं उडत्या विमानापर्यंत पोचणार कसं? एकदा चाकं जमिनीवरून सुटली की पुढची माहिती खिडकीतून दिसेल तेवढीच.

खरी परीक्षा पावसाळ्यात आली. जुहूचं मैदान समुद्राला खेटून, सखल भागातलं. पहिल्या मोठ्या पावसात ते पाण्याखाली जायचं. मग सगळा बाडबिस्तारा पुण्याला हलवायचा आणि तिथून सेवा चालवायची. त्यातही घाट ओलांडायचा, म्हणजे डोंगर आणि ढग एकाच उंचीवर.

इथे तुमच्या सिम्युलेटरमधली एक गंमत सांगतो. विमानाचं उंचीमापक प्रत्यक्षात हवेचा दाब मोजतं. ते 1013 वर लावलेलं असेल आणि बाहेरचा दाब पावसाळ्यात उतरून 1003 झाला असेल, तर काटा खऱ्यापेक्षा सुमारे 80 मीटर जास्त उंची दाखवतो. तुम्हाला वाटतं आपण डोंगराच्या वर आहोत, आणि डोंगराला तसं वाटत नसतं! सिम्युलेटरमध्ये ‘बी’ दाबलं की काटा बरोबर जुळतो. पस मॉथच्या वैमानिकाला वाटेत बदललेला दाब सांगणारं कुणीच नव्हतं.

आणि तरीही टाटांच्या या सेवेने पहिलं वर्ष शंभर टक्के वेळेवर पूर्ण केलं, पावसाळ्यासकट. सरकारच्या नागरी विमान खात्यानेही अहवालात त्याची दखल घेतली. हे केवळ धाडसाने होत नाही. मैदान बुडणार हे धरून दुसरं मैदान आधीच तयार ठेवावं लागतं. विमान, मेकॅनिक, पेट्रोल हे सगळं योग्य जागी लागतं. जेआरडींचा पिंडच बारकाव्यांचा होता आणि पुढे अख्ख्या एअर इंडियाला त्यांनी तीच सवय लावली.

याची किंमतही मोजावी लागली. व्हिन्सेंट 1942 मध्ये विमानप्रवासातच बेपत्ता झाले. ज्या मित्रासोबत स्वप्न उभं केलं, तोच राहिला नाही. कंपनी मात्र वाढली. 1946 मध्ये तिचं नाव एअर इंडिया झालं, 8 जून 1948 ला ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला झेपावलं. 1953 मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. जेआरडींना ते पटलं नव्हतं, तरी अध्यक्षपद त्यांनी 25 वर्षं सांभाळलं. 1978 मध्ये सरकारने त्यांना त्या पदावरूनही दूर केलं.

आपण उभी केलेली गोष्ट आपल्या हातातून गेली की काय करायचं? जेआरडींनी एक उत्तर दिलं. 1962 मध्ये पहिल्या उड्डाणाला 30 वर्षं झाली, तेव्हा त्यांनी कराची-मुंबई मार्ग पुन्हा उडून दाखवला होता. 15 ऑक्टोबर 1982 ला, वयाच्या 78 व्या वर्षी, पदावरून जाऊन चार वर्षं झालेली असताना ते पुन्हा एकदा निघाले. जुन्याच घराण्यातल्या ‘लेपर्ड मॉथ’मधून कराची, अहमदाबाद, जुहू. नव्या पिढीला त्या सुरुवातीच्या दिवसांतली उमेद दिसावी, हा हेतू होता. योगायोग बघा, पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर 1982 मध्ये, मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर बाजारात आला.

1992 मध्ये जेआरडींना भारतरत्न मिळालं. 29 नोव्हेंबर 1993 ला जिनिव्हात ते गेले.

आता तुमच्यासाठी एक काम. सिम्युलेटरवर अहमदाबाद-जुहू लावा. हवा खरी, आजची. जीपीएस बंद, रेडिओ बंद, ‘बी’ला हात लावायचा नाही, पॉज नाही. निघण्यापूर्वी मेटार एकदाच वाचा आणि पाऊस आडवा आला तर कुठे उतरायचं ते कागदावर लिहून ठेवा. आणखी एक लक्षात असू द्या. वसईचा स्वतःचा मेटार नाही. इथली हवा ॲड-ऑन मुंबईच्या अहवालावरून आणि मॉडेलवरून अंदाजाने भरतं. तुंगारेश्वरवर आत्ता कोसळणारी सर स्क्रीनवर दिसेलच असं नाही. ती बघायला खिडकीतूनच डोकवावं लागेल.