जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस, गॅरेजमध्ये साठ गाड्या आणि चालू फक्त चार

लातूर जिल्ह्यातलं जळकोट. बालाघाटच्या डोंगरातलं, उदगीरच्या बाजूचं तालुक्याचं गाव. या पट्ट्यात कुठंही चक्कर मारा, एखाद्या जुन्या वाड्यासमोर ताडपत्रीखाली झाकलेली जीप नाहीतर ॲम्बेसेडर हमखास दिसते. आजोबांनी हौसेनं घेतलेली, आता विकवत नाही म्हणून ठेवलेली.

आणि तिचे नखरे ठरलेले असतात. पाऊस पडला की हॉर्न आपोआप वाजतो. ब्रेक दाबला की भलताच दिवा मंद होतो. सकाळी झटक्यात चालू होते आणि ऐन घाटात गरम झाली की बंद पडते. अर्धा तास सावलीत उभी केली की कुणी काही न करता परत चालू. मेकॅनिक बोनेट उघडतो, डोकं खाजवतो आणि काहीच सापडत नाही म्हणून सांगतो. मग घरातलं कुणीतरी गुपचूप लिंबू-मिरची बांधतं.

आता या सगळ्या नखऱ्यांचं माहेरघर म्हणावं असं एक गॅरेज हैद्राबादेत होतं. आणि त्याचा मालक तोच होता, ज्याचं राज्य एकेकाळी जळकोटवरही होतं. हैद्राबादचा सातवा आणि शेवटचा सत्ताधारी निजाम, मीर उस्मान अली खान.

या माणसाच्या श्रीमंतीच्या आणि कंजूषपणाच्या गोष्टी आपण खूप ऐकल्यात. पण त्याच्या गाड्यांकडं बघितलं की त्याचं सगळं आयुष्यच समजतं. कसं, तेच बघूया.

गाडी मागवली बापानं, मिळाली पोराला

उस्मान अलीचा जन्म १८८६ चा. वडील महबूब अली खान म्हणजे सहावे निजाम. हा गडी भलताच शौकीन. कपडे, शिकार, हिरे, सगळ्याचा नाद. प्रसिद्ध जेकब हिरा यांनीच घेतलेला. आणि नवीन आलेल्या मोटारगाड्यांचाही नाद होताच.

याच नादातून त्यांनी इंग्लंडच्या रोल्स रॉईस कंपनीकडं एक गाडी मागवली. सिल्व्हर घोस्ट. त्या काळात जगातली सगळ्यात भारी गाडी म्हणून हिचं नाव होतं. सहा सिलेंडरचं, सात लिटरच्या वरचं इंजिन. आत शिपायाच्या गाडीसारखी सीट नाही, तर चक्क सिंहासन बसवलेलं. मिरवणुकीत निजाम लांबून दिसावा म्हणून. रंग पिवळा धमक.

पण गाडी येण्याआधीच, ऑगस्ट १९११ मध्ये महबूब अली वारले. पंचविशीतला उस्मान अली गादीवर बसला. वडिलांच्या एका जुन्या बुटात त्याला तो जेकब हिरा सापडला, असं सांगतात. १८० कॅरेटच्या वरचा हा हिरा त्यानं पुढं पेपरवेट म्हणून टेबलावर ठेवला.

त्यानंतर दोनेक वर्षांत रोल्स रॉईसही हैद्राबादला पोचली. म्हणजे बापानं दोन गोष्टी हौसेनं मिळवल्या होत्या, एक हिरा आणि एक गाडी. पोराच्या हातात आल्यावर दोन्ही जागच्या जागी राहिल्या. ही सिंहासनवाली गाडी फक्त खास मिरवणुकीला बाहेर निघायची. पुढच्या कित्येक दशकांत ती मिळून जेमतेम साडेतीनशे मैल धावली, असं सांगितलं जातं. जळकोटहून हैद्राबादला जाऊन परत यायचं म्हटलं तर एका फेरीतच त्यातलं निम्म्याहून जास्त अंतर होतं.

हिरा नुसता ठेवला तर चालतो, गाडीला चालत नाही

इथंच खरी गंमत आहे. हिरा शंभर वर्षं कपाटात ठेवला तरी तो हिराच राहतो. सोन्याचंही तसंच. पण गाडी उभी राहिली की आतून मरायला लागते, आणि बाहेरून ते दिसत नाही.

सुरुवात बॅटरीपासून होते. बॅटरीला काहीही जोडलेलं नसलं तरी ती स्वतःहून हळूहळू उतरते. उतरलेली तशीच ठेवली की आतल्या शिशाच्या प्लेटवर कडक थर बसतो. मग ती चार्जिंगला लावली तर भरल्यासारखी दाखवते आणि स्टार्टर मारला की ढेपाळते.

त्याच्याही आधीच्या, म्हणजे सिल्व्हर घोस्टच्या जमान्यातल्या गाड्यांत ठिणगी पाडायला मॅग्नेटो असायचा. सायकलच्या डायनामोचा थोरला भाऊच म्हणा. इंजिनाबरोबर फिरतो आणि स्वतःच वीज तयार करतो. पण जुन्या मॅग्नेटोच्या तारांच्या गुंडाळीवर संरक्षण म्हणून लाख चढवलेली असायची. होय, आपल्या बांगड्यांची लाख. ती उन्हाळ्यात मऊ पडते, जुनी झाली की ओल आत घेते. मग ठिणगी मनात आलं तर पडते, नाहीतर नाही.

पुढच्या काळातल्या गाड्यांत कंडेन्सर नावाचा बोटभर डबा आला. तो थंड असताना नीट काम करतो, खराब व्हायला लागला की गरम झाल्यावर दगा देतो. इंजिन थंड झालं की परत सरळ. घाटात बंद पडून अर्ध्या तासानं आपोआप चालू होणाऱ्या गाडीचं एक कारण हे.

दुसरं कारण पेट्रोलचं. उन्हानं आणि इंजिनाच्या गरमीनं पाइपातच पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढत बसतो आणि इंजिनाला थेंब मिळत नाही. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं का टाकायचे, त्याचं उत्तर हे आहे.

आणि ब्रेक दाबल्यावर दिवा मंद का होतो? तर गाडीत प्रत्येक दिव्याला जायची तार असते, पण परतीचा रस्ता म्हणून गाडीचं लोखंडी अंगच वापरलेलं असतं. त्याला आपण अर्थिंग म्हणतो. तिथं गंज चढला की वीज दुसऱ्याच दिव्यातून वाट काढते. हॉर्नचंही असंच. बऱ्याच जुन्या गाड्यांत हॉर्नचं बटण म्हणजे तार अंगाला टेकवायची एक सोय असते. तारेवरचं कापडी किंवा रबरी आवरण कुजलं, की ती न दाबताच टेकते आणि हॉर्न मध्यरात्री बोंबलतो.

उरलेलं काम उंदीर करतात. उभ्या गाडीचं बोनेट म्हणजे त्यांच्यासाठी बांधून दिलेलं घर. वर टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन कार्बोरेटरमध्ये डिंकासारखं चिकटतं, पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला गंजून धरतात.

म्हणजे भूतबित काही नसतं. आणि यातल्या बऱ्याच रोगांना एक साधं औषध आहे, गाडी नियमित चालवणं.

पण एक गोष्ट निजामानं चालवली

उस्मान अलीनं सगळंच दाबून ठेवलं असं म्हणणं मात्र चुकीचं होईल. १९१८ मध्ये त्यानं उस्मानिया विद्यापीठ काढलं. उस्मान सागर, हिमायत सागर हे तलाव बांधले गेले. लातूरकरांच्या मांजरा नदीवर खाली निजाम सागर धरण झालं.

आणि जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेनं प्रवासी बस सुरू केल्या. गाड्या इंग्रजांच्या देशातून आणलेल्या, अल्बियन कंपनीच्या. संख्या फक्त सत्तावीस. एका बाजूला राजवाड्यात झाकून ठेवलेली रोल्स रॉईस आणि दुसऱ्या बाजूला धुळीच्या रस्त्यावर रोज माणसं वाहणाऱ्या या बस. मालक एकच.

त्या काळात फेब्रुवारी १९३७ मध्ये टाइम मासिकानं उस्मान अलीला मुखपृष्ठावर छापलं. जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणून. आणि हा माणूस मात्र जुने कपडे आणि मळकी टोपी घालून साध्या खोलीत राहायचा. नवीन काही घ्यायचं नाही, जुनं काही टाकायचं नाही.

हे वैयक्तिक आयुष्यात ठीक होतं. राज्य चालवताना ते अंगाशी आलं.

१९४७ ला सगळा देश पुढं गेला, निजाम जागेवरच

देश स्वतंत्र झाला तेव्हा हैद्राबाद संस्थानात दीड कोटीच्या वर लोक होते. निजामानं भारतात यायला नकार दिला. लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी गावागावांत अत्याचार सुरू केले. दुसरीकडं स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यातली माणसं मुक्तीसाठी लढत होती. जळकोट, उदगीरचा भाग तेव्हा बीदर जिल्ह्यात होता, आणि सीमेवरच्या या पट्ट्यानं तो काळ चांगलाच सोसला.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य आत शिरलं आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. तोच आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

याच धामधुमीच्या काळातली एक गोष्ट खूप सांगितली जाते. निजामाच्या किंग कोठी राजवाड्याच्या आवारात सोन्यानं भरलेले ट्रक उभे होते म्हणे. वेळ आली तर हलवायचे म्हणून भरून ठेवलेले. ते कधी हललेच नाहीत. वजनानं टायर बसले आणि ट्रक आसापर्यंत मातीत रुतले. तळघरातल्या नोटा उंदरांनी कुरतडल्याचंही सांगतात. यात मीठ-मसाला किती ते बाजूला ठेवू. पण ही गोष्ट निजामाबद्दलच का तयार झाली असेल, हे त्याच्या गॅरेजकडं बघितलं की कळतं.

पुढं १९५० ते १९५६ तो हैद्राबाद राज्याचा राजप्रमुख होता. १९५६ ला राज्याचे तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि उस्मान अली किंग कोठीतच राहिला. १९६५ च्या सुमारास त्यानं देशाला पाच हजार किलो सोनं दान दिलं, असा मेसेज अजूनही फिरतो. खरी गोष्ट अशी की त्यानं ४२५ किलो सोनं सरकारच्या सुवर्ण योजनेत व्याजानं गुंतवलं होतं.

नव्या निजामाची गाडीच बंद पडली

२४ फेब्रुवारी १९६७ ला उस्मान अली वारला. मुलाला बाजूला ठेवून त्यानं नातू मुकर्रम जाह याला वारस नेमलं होतं. हा पोरगा परदेशात शिकलेला आणि इंजिनांचा वेडा. हातात पाना घेऊन गाडीखाली शिरायला त्याला कधी लाज वाटली नाही.

त्याला वारशात काय मिळालं? चौदा हजारांच्या वर नोकर-चाकर आणि आश्रित. वाड्यांचे वाडे. आणि आजोबांचं ते गॅरेज. तिथं साठएक गाड्या होत्या. पेट्रोलचा आणि स्पेअर पार्टचा खर्च दरवर्षी साठ गाड्यांचा निघत होता. आणि चालू गाड्या होत्या फक्त चार. बाकीच्यांचं पेट्रोल कुणाच्या टाकीत जात होतं, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

कहर म्हणजे समारंभ आटोपून नव्या निजामाला घेऊन जायला जी आलिशान गाडी काढली होती, ती वाटेत बंद पडली, असं सांगितलं जातं.

कोर्टकचेऱ्या आणि नातेवाइकांच्या भांडणांना वैतागून मुकर्रम जाह पुढं ऑस्ट्रेलियात गेला. तिथं मेंढ्यांचं मोठं शेत घेतलं आणि डिझेल इंजिनं, बुलडोझर यांच्यात रमला. ज्याला गाड्या दुरुस्त करता येत होत्या, त्याला आजोबांचं गॅरेज काही दुरुस्त करता आलं नाही.

मग त्या गाड्यांचं पुढं काय झालं?

त्यातल्या अनेक गाड्या गेल्या. पण पिवळी रोल्स रॉईस वाचली. मुकर्रम जाहची पहिली पत्नी प्रिन्सेस एसरा हिनं चौमहल्ला राजवाड्याची डागडुजी करून घेतली आणि ही गाडीही तिथं बघायला मिळते. चारमिनारला गेलात तर राजवाडा चालत जायच्या अंतरावर आहे.

आपल्याकडच्या ताडपत्रीखालच्या जीपचंही सांगून टाकू. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. अशी गाडी रोज रस्त्यावर फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, अशा ठरावीक कामांसाठीच काढता येते. पण तेवढ्यासाठी तरी काढावी. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा इंजिन नीट गरम होईपर्यंत चालवावं, बॅटरी भरलेली ठेवावी, अर्थिंगच्या जागा घासून काढाव्यात. लिंबू-मिरचीचा खर्च वाचतो.

आणि त्या सत्तावीस बसचं काय झालं? त्या रोज धावत राहिल्या, झिजल्या, मोडीत निघाल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या. निजामाच्या त्या बस खात्यातून मराठवाड्याची राज्य परिवहन सेवा आली आणि १९६१ मध्ये ती आपल्या एसटीत विलीन झाली.

आज जळकोटच्या स्टँडवरून उदगीरला एसटी सुटते, तिचा एक धागा निजामापर्यंत जातो. सिंहासनवाल्या गाडीत बसून निजाम जळकोटला कधी आला नाही, पण त्याच्या बसचं चाक मात्र अजून या रस्त्यावर फिरतंय.