घर चितारणारा कार्ल लार्सन

ज्याला लहानपणी घर म्हणावे असे घर लाभले नाही, त्यानेच पुढे आपल्या घराची चित्रे काढून साऱ्या युरोपला घराचे वेड लावले. स्वीडनचा चित्रकार कार्ल लार्सन याची ही हकीकत आहे.

त्याचा जन्म २८ मे १८५३ रोजी स्टॉकहोम शहराच्या जुन्या वस्तीत झाला. वडील मिळेल ती मजुरी करीत आणि दारू पीत. आई लोकांचे कपडे धुऊन संसार ओढी. एका अंधाऱ्या खोलीतून दुसरीत असे बिऱ्हाड हलत असे. बापाने एकदा मुलाच्या तोंडावर त्याच्या जन्मदिवसाला शिव्याशाप दिले. ते शब्द कार्लच्या मनातून कधीच गेले नाहीत. गरीब मुलांच्या शाळेतील एका शिक्षकाने त्याचा हात ओळखला आणि तेराव्या वर्षी तो कला अकादमीच्या प्राथमिक वर्गात दाखल झाला. पुढे विनोदी साप्ताहिकांत चित्रे काढून तो आईवडिलांना पैसे देऊ लागला.

१८७७ साली तो पॅरिसला गेला. तिथली पहिली वर्षे अपयशाचीच. १८८२ मध्ये जवळच्या ग्रे या खेड्यात स्वीडिश चित्रकारांच्या मेळ्यात तो राहू लागला, जड तैलरंग सोडून जलरंगाकडे वळला आणि त्याची चित्रे एकदम उजळली. तिथेच त्याला कारिन बर्ग्यो भेटली. तीही अकादमीत शिकलेली चित्रकार होती. १८८३ साली दोघांनी लग्न केले.

१८८८ मध्ये सासऱ्यांनी त्यांना दालार्ना प्रांतातील सुंडबॉर्न गावचे एक लहान लाकडी घर दिले. आपल्याकडे जसे आधी ओटी, मग पडवी, मग मागे एखादी खोली असे घर वाढत जाते, तसेच तेही वाढत गेले. कार्लने दारांच्या फळ्यांवर घरच्या माणसांची चित्रे काढली. खुर्च्या, टेबले रंगली.

१८९४ च्या उन्हाळ्यात पाऊस हटेना. बाहेर बसून चित्र काढता येईना, म्हणून कार्ल घरभर कुरकुरत फिरू लागला. तेव्हा कारिननेच त्याला घराच्या खोल्या काढायला सुचवले. माथेरानच्या पायथ्याशी चार-चार महिने पावसाने कोंडून घेणाऱ्या आपल्या कर्जत-खालापूरकरांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको! त्या कोंडीतून जी चित्रमाला निघाली तिची २४ जलरंगचित्रे १८९९ साली 'एक घर' या अर्थाच्या नावाने पुस्तकरूपाने आली. खिडकीतल्या कुंड्या, जेवणाचे टेबल, रुसून कोपऱ्यात बसलेले पोर. यात राजे नाहीत, देवदेवता नाहीत. १९०९ मध्ये जर्मनीत निघालेल्या त्याच्या चित्रांच्या स्वस्त पुस्तकाच्या ४०,००० प्रती तीन महिन्यांत खपल्या. लोक ती चित्रे पाहून आपल्या खोल्या लावू लागले.

पण त्या चित्रांत जे दिसते त्यातले पुष्कळसे कारिनच्या हातचे आहे. पडदे, विणलेले पट, मुलांचे सैल झगे, कित्येक लाकडी वस्तूंची कल्पना तिची. आठ बाळंतपणे आणि संसार यांत तिचा स्वतःचा कुंचला मात्र सुटला. डहाणू-पालघरकडे वारल्यांच्या लग्नघरात भिंतीवर चौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा, पण चित्रावर नाव घालण्याची चालच नव्हती. सुंडबॉर्नला नाव होते, ते नवऱ्याचे होते. मला हा अन्याय वाटतो. आता मात्र कारिनलाही आधुनिक स्वीडिश गृहसजावटीच्या अग्रणींत गणले जाते.

कार्लच्या चित्रांत ऊन फार आणि सावली थोडी, असा आक्षेप घेतात. आक्षेप खरा आहे. त्याला खिन्नतेचे झटके येत. १९०५ साली थोरला मुलगा उल्फ अठराव्या वर्षी वारला. हे काही त्या लोकप्रिय पुस्तकांत फारसे उतरलेले नाही. तरीही घराची चित्रे म्हणजे सुखवस्तूंचे चोचले, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी आठवावी. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खाली आला आणि माणसांबरोबर ओट्या, चुली, सारवलेल्या भिंतीही गेल्या. वाचलेल्यांसाठी दुसरीकडे नवी घरे बांधली गेली. पण जुन्या घरात कोणाची चूल कोणत्या कोपऱ्यात होती, हे आता कुणीतरी सांगेल तेव्हाच कळणार.

गंमत अशी की, लार्सनला स्वतःला ही घरगुती चित्रे आपले मोठे काम वाटतच नव्हती. त्याचा जीव भित्तिचित्रांत होता. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या जिन्यासाठी त्याने १९१५ साली एक भव्य चित्र पुरे केले. प्राचीन काळच्या राजाच्या बलिदानाचे ते चित्र संग्रहालयाने नाकारले. तो घाव त्याने शेवटपर्यंत उराशी धरला आणि २२ जानेवारी १९१९ रोजी फालून येथे त्याचे निधन झाले. ते चित्र १९८७ मध्ये जपानी संग्राहकाकडे गेले आणि १९९७ साली त्याच संग्रहालयाने विकत घेऊन त्याच जिन्यात लावले.

कारिन १९२८ पर्यंत जगली. सुंडबॉर्नचे घर आज लार्सनच्या वंशजांच्या ताब्यात आहे. लोक तिकीट काढून ते पाहायला जातात, आणि पुस्तकातली खोली समोर तशीच लावलेली आढळते.