काहाल आणि मेंदूतील विरळणी

बाजरी वीतभर आली की आमच्याकडे विरळणी करतात. दाट उगवलेली जादा रोपे उपटायची, म्हणजे उरलेली जोमाने वाढतात. ती हिरवी रोपे बांधावर टाकताना लहानपणी मला वाईट वाटे. मेंदू घडतानाही अशीच विरळणी होते, हे यंदा मानसशास्त्राचा अभ्यास करताना वाचले. दोन चेतापेशी जेथे जुळतात त्या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. बालवयात असे सांधे गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात आणि कामी न येणारे पुढे नाहीसे होतात. कॉलेजात पाऊल टाकणारा आमच्या घरातला मी पहिलाच. बालपणी जी भाषा कानावर पडली नाही ती आता जिभेवर बसायची नाही, असे मला एकाने ऐकवले होते. ते खरे की काय, या धास्तीने मी पुढे वाचत गेलो आणि सांतियागो रामॉन इ काहाल या माणसापाशी पोहोचलो.

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधल्या पेतिया दे आरागॉन या डोंगरी खेड्यात झाला. वडील शेतकऱ्याचा मुलगा. शस्त्रक्रिया करणाऱ्या एका न्हाव्याच्या हाताखाली राबत ते स्वतःच्या हिमतीवर डॉक्टर झाले होते. मुलानेही डॉक्टरच व्हावे हा त्यांचा हट्ट, आणि मुलाला चित्रांचे वेड! हे पोर चित्रकार होईल का, हे वडिलांनी कोणाला विचारावे? चर्चच्या भिंती रंगवायला आलेल्या एका रंगाऱ्याला. त्याने चित्र पाहून नकार दिला आणि घरात चित्रकला बंद झाली. पण पोरगा बधणारा नव्हता. अकराव्या वर्षी त्याने स्वतः तोफ बनवून शेजाऱ्याचे फाटक उडवले आणि कोठडीची हवा खाल्ली. शाळेत लक्ष नाही म्हणून वडिलांनी त्याला न्हाव्याकडे आणि मग चांभाराकडे कामाला ठेवले.

१८६८ च्या उन्हाळ्यात वडिलांना एक युक्ती सुचली. जुन्या स्मशानातली हाडे गोळा करून त्यांनी मुलाला शरीररचना शिकवायला घेतली. मुलगा ती हाडे कागदावर उतरवू लागला. ज्या हातावर बंदी घातली होती तोच हात वैद्यकाच्या उपयोगी पडला आणि आता वडीलच त्या चित्रांवर खूश झाले.

१८७३ मध्ये पदवी मिळाली. पुढे सैन्यातला डॉक्टर म्हणून काहाल क्यूबाला गेले आणि हिवतापाने खंगून परतले. शिलकीच्या पैशांतून त्यांनी सूक्ष्मदर्शक घेतला. १८८७ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, माद्रिदला डॉ. सिमारो यांच्या घरी त्यांनी इटलीच्या गॉल्जी यांच्या पद्धतीने रंगवलेला मेंदूचा काप पाहिला. या पद्धतीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरून मोजक्याच पेशी काळ्या होतात आणि पिवळसर पार्श्वभूमीवर शाईने काढल्यासारख्या उठून दिसतात. अडचण अशी की प्रौढ मेंदूत तंतूंवर मायलिनचे वेष्टन असते, त्यामुळे रंग नीट चढत नाही. काहाल यांनी साधा विचार केला. वाढलेल्या जंगलात वाट सापडत नसेल तर रोपवाटिकेत शिरावे. त्यांनी अंड्यातली पिल्ले आणि नुकते जन्मलेले प्राणी घेतले.

१८८८ मध्ये त्यांना दिसले की प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे. ती दुसरीला टेकते, पण तिच्यात विरघळत नाही. १८९० मध्ये वाढत्या तंतूच्या टोकाचा वाट शोधणारा शंकू दिसला. लहान पिल्लांच्या अनुमस्तिष्कातील पुर्किंजे पेशींना सर्वांगावर अस्ताव्यस्त फाटे दिसत, आणि मोठ्या वयाच्या नमुन्यांत त्यांतले बरेच नाहीसे झालेले असत. पेशी आधी चाचपडते आणि मग काही फाटे मागे घेते, हे त्यांनी नुसत्या निरीक्षणाने ओळखले.

पण स्पॅनिश भाषेतले संशोधन वाचणार कोण? स्वतःच्या खर्चाने नियतकालिक काढूनही कोणी दखल घेईना. तेव्हा १८८९ मध्ये ते काचपट्ट्या घेऊन बर्लिनच्या परिषदेला गेले आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलत बड्या शास्त्रज्ञांना सूक्ष्मदर्शकापाशी घेऊन आले. कोलिकर यांच्यासारख्या वृद्ध पंडिताला ते पटले. ही हकिकत मी दोनदा वाचली.

१९०६ चे नोबेल पारितोषिक काहाल आणि गॉल्जी यांना विभागून मिळाले. गॉल्जी यांनी आपल्या भाषणात काहाल यांचेच मत खोडून काढण्याचा प्रयत्न केला. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काहाल यांच्या बाजूने कौल दिला, पण तोवर दोघेही हयात नव्हते. काहाल १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये वारले.

सांध्यांची विरळणी नंतरच्यांनी मोजली. उंदराच्या नवजात पिल्लात एका स्नायुतंतूवर अनेक चेतातंतू येतात आणि काही आठवड्यांत एकच उरतो, हे १९७० मध्ये दिसले. १९७६ मध्ये काहाल यांच्या लाडक्या पुर्किंजे पेशींबाबतही तेच आढळले. तेथे खाली वर चढणारे अनेक तंतू येतात, पण टिकतो एकच. १९७९ मध्ये हुटेनलोकर यांनी माणसाच्या मेंदूच्या पुढच्या भागातले सांधे मोजले. एक ते दोन वर्षांच्या बालकात त्यांची दाटी प्रौढांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त निघाली.

बाजरीच्या शेतात कोणते रोप ठेवायचे हे आई ठरवते. मेंदूत असा कोणी बाहेरचा नसतो. ज्या सांध्यातून संदेश वरचेवर आणि वेळेवर जातात तो बळकट होतो, शेजारचा दुबळा पडतो. उपटलेले उचलणाऱ्या पेशी मात्र आहेत. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. त्या १९१९ मध्ये रिओ ओर्तेगा यांनी ओळखल्या. ओर्तेगा काहाल यांच्याच प्रयोगशाळेत होते आणि पुढच्याच वर्षी काहाल यांनी त्यांना तेथून काढले. एवढा मोठा माणूस, पण येथे त्यांचे मन मोठे दिसत नाही. याच पेशी वाढत्या मेंदूतले सांधे गिळतात, हे उंदरांत २०१२ च्या सुमारास सिद्ध झाले.

आणि माझी धास्ती? दृष्टीच्या सांध्यांची निवड फार लवकर होते, हे खरे. परंतु विचार करणाऱ्या पुढच्या भागातली विरळणी विशी उलटल्यावरही चालू असते, असे २०११ च्या एका अभ्यासात दिसले. मला आता एकोणिसावे चालू आहे.