राजा परांजपे

राजा परांजपे (जन्म : मिरज, २४ एप्रिल १९१०, मृत्यू : ९ फेब्रुवारी १९७९) हे मराठी चित्रपट अभिनेते व दिग्दर्शक होते. विनोदी आणि कौटुंबिक चित्रपटांसाठी ते ख्यातनाम असले, तरी ‘पाठलाग’ (१९६४) हा त्यांचा रहस्यपटही मराठी चित्रपटसृष्टीत महत्त्वाचा मानला जातो.

कारकीर्द

‘जिवाचा सखा’ (१९४८) या चित्रपटापासून परांजपे, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके ही त्रयी नावारूपाला आली. ‘पुढचं पाऊल’ (१९५०), ‘लाखाची गोष्ट’ (१९५२), ‘पेडगावचे शहाणे’ (१९५२) आणि ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) हे परांजपे यांचे गाजलेले चित्रपट होत. ‘ऊनपाऊस’मध्ये (१९५४) त्यांनी मुलांकडून उपेक्षा वाट्याला आलेल्या वृद्ध शिक्षकाची भूमिका साकारली. ‘हा माझा मार्ग एकला’ (१९६३) या त्यांच्या चित्रपटातून सचिन पिळगांवकर यांनी बालकलाकार म्हणून पदार्पण केले.

पाठलाग

बाबूराव अर्नाळकर यांच्या ‘झुंजार’ आणि ‘काळापहाड’ या नायकांमुळे मराठी वाचकांत रहस्यकथेची गोडी रुजलेली होती. ‘पाठलाग’ मात्र जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारित होता. काशिनाथ घाणेकर व भावना यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. संगीत दत्ता डावजेकर यांचे होते.

एका वकिलाच्या पत्नीचे निधन होते. त्यानंतर गुन्हेगारी टोळीतील एक स्त्री पोलिसांच्या हाती लागते. तिचा चेहरा त्या मृत पत्नीशी तंतोतंत जुळतो आणि आपणच त्याची पत्नी असल्याचा दावा ती करते. केवळ पती-पत्नींनाच ठाऊक असाव्यात अशा गोष्टीही ती सांगू लागते. त्यामुळे गुन्हेगार कोण, यापेक्षा ही स्त्री कोण, हा प्रश्न कथेच्या केंद्रस्थानी येतो. न्यायालयातील उलटतपासणीत पुरावा आणि वकिलाच्या भावना यांचा संघर्ष होतो. चित्रपटातील रहस्य हाणामारीपेक्षा या द्विधेवर अधिक अवलंबून आहे.

सन्मान व प्रभाव

‘हा माझा मार्ग एकला’ आणि ‘पाठलाग’ या दोन्ही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ‘सी.आय.डी.’ (१९५६) हा पोलीस तपासपट दिग्दर्शित करणाऱ्या राज खोसला यांनी ‘पाठलाग’च्या कथेवर ‘मेरा साया’ (१९६६) हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. सुनील दत्त व साधना यांच्या भूमिकांमुळे आणि मदनमोहन यांच्या संगीतामुळे तो देशभर लोकप्रिय झाला. त्याद्वारे ही मराठी कथा हिंदी प्रेक्षकांपर्यंत पोहोचली.