गाडगेबाबांचा खराटा

आपल्या चर्चच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्साला जे आले होते, त्यांनी आवाराची अवस्था पाहिली असेलच. कागदी प्लेटा, आइस्क्रीमचे कप, पाण्याच्या बाटल्या, फटाक्यांचा कचरा. झाडलोट करणाऱ्या दोघी बाया पहाटेपासून वाकलेल्या होत्या आणि आपण सारे, आम्हीही त्यात आलोच, चांगले कपडे सावरीत त्यांच्या बाजूने निघून गेलो. त्या दिवसापासून गाडगेबाबा आमच्या मनात घोळत आहेत.

बाबांचे चित्र आपण सर्वांनी शाळेत पाहिले आहे. अंगावर चिंध्यांचा सदरा, एका हातात खराटा, दुसऱ्या हातात फुटके गाडगे. चित्र इतके ओळखीचे झाले की त्यामागचा माणूस विसरायला झाला.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी भावाकडे आली. डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला, शाळेचे तोंड मात्र पाहिले नाही. मामाही निरक्षर होते. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवता उठवता त्यांची जमीन गेली आणि त्या धक्क्यातून ते सावरले नाहीत. बाबा पुढे आयुष्यभर दारू, कर्ज आणि अज्ञान या तिघांवर का तुटून पडले, हे कळायला एवढे पुरे आहे. ते सारे त्यांच्या घरात घडले होते.

लग्न झाले, पहिली मुलगी झाली. बारशाला भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायची रीत होती. डेबूजीने गोडाचे जेवण वाढले. नातेवाईक रागावले, कुरकुरले, पण दारू काही आली नाही. आम्हाला विचाराल तर हा प्रसंग घर सोडण्याहून अवघड होता. मोठ्या सभेत दारूबंदीवर बोलणे सोपे. स्वतःच्या मांडवात, स्वतःच्या मामा-काकांसमोर पेला न ठेवणे किती कठीण, हे आपल्याकडच्या लग्नघरांना वेगळे सांगायला नको.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले आणि मग पन्नास वर्षे ते फिरत राहिले. पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचन येथे घाट बांधण्याचे काम त्यांनी सुरुवातीच्या काळातच केले. पुढे त्यांचा एक क्रम ठरून गेला. गावात शिरायचे ते खराटा घेऊनच. कोणाची ओळख नाही, आमंत्रण नाही. हा वेडा कोण, म्हणून आधी पोरे जमत, मग मोठी माणसे. बाबा कोणाला काही सांगत नसत, गटारे उपसत आणि रस्ता झाडत राहत. थोड्या वेळाने एखाद्याला लाज वाटे, तो घरातून झाडू घेऊन येई. मग दुसरा. भाकरी घ्यायची ती काम केल्यावरच, आणि तीही त्या खापरातच खायची.

संध्याकाळी कीर्तन. गाव झाडून झाले की माणसांची डोकी झाडायची, असाच तो प्रकार होता. ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत, लोक उत्तर देत, आणि उत्तर देता देता आपण काय करीत आलो हे त्यांचे त्यांनाच उमगे. कर्ज काढून सण करू नका, नवसासाठी बकरे कापू नका, शिवाशीव पाळू नका. घरातले जेवणाचे ताट विकावे लागले तरी चालेल, पण पोराला शाळेत घाला, हा त्यांचा सांगावा. स्वतः अक्षरशत्रू असलेला माणूस हे सांगत होता, म्हणून ते लागत असे. कोणी पाया पडू लागले तर ते मागे सरत. त्यांनी शिष्य केले नाहीत.

१९२३ साली त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंदा मरण पावला. ही बातमी आली तेव्हा कीर्तन चालू होते, आणि बाबांनी ते थांबवले नाही. आम्ही हे अनेकदा वाचले आहे आणि प्रत्येक वेळी अडखळलो आहोत. कुंताबाईंना त्या दिवशी काय वाटले असेल? बाबांच्या थोरवीची किंमत त्यांच्या घरानेही मोजली, हे लपवण्यात अर्थ नाही.

लोक पैसे देऊ लागले तेव्हा बाबांनी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ही ज्यांना तेव्हा विठ्ठलाच्या मंदिरात पाऊल टाकू दिले जात नव्हते त्यांच्यासाठी होती. नाशिक, देहू, आळंदी येथेही धर्मशाळा झाल्या. शाळा, वसतिगृहे झाली. बाबा स्वतः मात्र त्यांत राहत नसत, आणि आपल्या नातेवाइकांनी त्या पैशाला हात लावू नये, यावर त्यांचा कटाक्ष असे. पंढरपूरची धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. १९५२ साली गाडगे महाराज मिशन स्थापन झाले, ते आजही काम करीत आहे.

मोत मावलीच्या जत्रेसाठी आपण ज्या वांद्र्याला जातो, तिथेच पोलिसांपुढे ८ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. पुढच्याच महिन्यात, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी प्राण सोडला.

आपले स्मारक करू नका, असे ते सांगून गेले होते. ते कोणी ऐकले नाही. अमरावतीत समाधी आहे, विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, आणि २००० सालापासून राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवले. त्यात गावेच्या गावे एकजुटीने कामाला लागली, हे खरे. पण काही ठिकाणी बक्षिसाचा फलक लागला आणि झाडू कोपऱ्यात गेला, हेही खरे. बाबा झाडत तेव्हा तपासायला कोणी येत नसे.

पुढच्या वर्षी सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर आम्ही काही जण आवारात थांबणार आहोत. त्या दोघी बायांना त्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी, अशी विनंती आम्ही फादरांना केली आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी जुने कपडे घालून यावे. खराटे चर्चमध्ये चारच आहेत, तेव्हा घरचा आणावा.