हेन्री चँडलर काउल्स : वाळूच्या टेकड्यांचा प्रबंधकार

पीएच.डी. ही पदवी आता आपल्या समाजात दुर्मीळ राहिलेली नाही. खेड्यापाड्यांतले तरुण-तरुणी विद्यापीठात संशोधनासाठी नाव नोंदवतात, काही वर्षे खपतात, प्रबंध सादर करतात आणि घरच्यांना कृतार्थ करतात. प्रबंध मात्र पुष्कळदा कापडी बांधणीत ग्रंथालयाच्या कपाटात जातो आणि तेथेच राहतो. म्हणूनच सव्वाशे वर्षांपूर्वी लिहिल्या गेलेल्या एका प्रबंधाची कथा वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हाला वाटले. तो प्रबंध वाळूविषयी आणि वाळूत उगवणाऱ्या झाडाझुडपांविषयी होता. त्यातून अमेरिकेत एका नव्या शास्त्राला दिशा मिळाली आणि पुढे त्याच वाळूच्या रक्षणासाठी प्रबंधकाराला सरकारपुढे उभे राहावे लागले.

हेन्री चँडलर काउल्स यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील केन्सिंग्टन या गावी झाला. ओहायो राज्यातील ओबर्लिन महाविद्यालयातून १८९३ साली ते पदवीधर झाले. त्यानंतर काही काळ त्यांनी नेब्रास्का राज्यातील गेट्स महाविद्यालयात अध्यापन केले आणि १८९५ साली पुढील शिक्षणासाठी शिकागो विद्यापीठात प्रवेश घेतला. हे विद्यापीठ तेव्हा अगदी नवे होते. तेथील वर्ग सुरू होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती.

भूगर्भशास्त्राकडून वनस्पतींकडे

काउल्स यांना प्रथम ओढ होती ती भूगर्भशास्त्राची. चेंबरलिन आणि सॅलिसबरी या दोन नामवंत प्राध्यापकांच्या हाताखाली ते भूरूपांचा अभ्यास करू लागले. हिमनद्यांनी भूमी कशी घडवली, सरोवरांचे काठ कसे सरकले, टेकड्या कशा उभ्या राहतात आणि कशा झिजतात, हे पाहण्याची दृष्टी त्यांना येथे मिळाली. दरम्यान जॉन मर्ल कोल्टर हे वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून शिकागोला आले. त्यांच्या व्याख्यानांतून विद्यार्थ्यांना युजेनिअस वॉर्मिंग या डॅनिश शास्त्रज्ञाच्या नव्या विचारांची ओळख झाली. वॉर्मिंग यांचा ग्रंथ १८९५ साली प्रसिद्ध झाला होता. अमुक ठिकाणी अमुक वनस्पती समूहाने का राहतात, त्यांचे माती, पाणी, वारा व प्रकाश यांच्याशी नाते काय, हा त्या ग्रंथाचा विषय होता. तो मुळातून वाचता यावा म्हणून काउल्स डॅनिश भाषा शिकले, असे सांगितले जाते.

त्या काळी वनस्पतिशास्त्र म्हणजे मुख्यतः नमुने गोळा करणे, ते वाळवून कागदावर चिकटवणे, त्यांना नाव देणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची रचना पाहणे. जिवंत वनस्पती तिच्या स्वतःच्या घरी पाहण्याला फारशी प्रतिष्ठा नव्हती. अशा वेळी डॉक्टरेटसाठी काउल्स यांनी निवडलेली प्रयोगशाळा म्हणजे मिशिगन सरोवराच्या काठावरच्या वाळूच्या टेकड्या. सरोवराच्या दक्षिण टोकाला, इंडियाना राज्यात, शिकागोहून रेल्वेने सहज जाता येईल अशा अंतरावर या टेकड्या होत्या. बहुतेकांच्या लेखी ती निरुपयोगी जमीन होती. तेथे शेती होत नव्हती आणि पाऊल टाकले की वाळू खचत होती.

चालत चालत काळाच्या मागे

काउल्स यांच्या प्रबंधातील मुख्य विचार समजण्यास कठीण नाही. हिमयुगाच्या अखेरीस हिमनदी मागे हटली, सरोवराची पातळी टप्प्याटप्प्याने उतरली आणि प्रत्येक टप्प्यावरचा जुना किनारा वाळूच्या रांगेच्या रूपाने मागे राहिला. त्यामुळे पाण्यालगतची वाळू सर्वांत नवी आणि आत जावे तसतशी जमीन अधिकाधिक जुनी. जो मनुष्य किनाऱ्यावरून आत चालत जातो, तो एका अर्थी काळातून मागे चालत जातो. शेकडो, हजारो वर्षांत एका जागी काय घडले असेल, हे कोणालाही आयुष्यभर बसून पाहता येणार नाही. परंतु निरनिराळ्या वयाच्या जागा ओळीने पाहिल्या, तर तो इतिहास एका दिवसाच्या पायपिटीत समोर येतो. भूगर्भशास्त्राच्या शिक्षणाचा लाभ काउल्स यांना येथे झाला.

लाटांनी सतत धुतल्या जाणाऱ्या पट्ट्यात काहीच टिकत नाही. त्याच्या वर, जेथे केवळ हिवाळी वादळांच्या लाटा पोहोचतात, तेथे एका हंगामात उगवून संपणाऱ्या थोड्या वनस्पती दिसतात. त्यापलीकडे मॅरम गवताचे राज्य सुरू होते. या गवताची भूमिगत खोडे वाळूत आडवी पसरतात. वर वाळू साचली तरी ते गुदमरत नाही. उलट नवे कोंब काढून ते साचलेल्या वाळूच्या वर येते. गवत वारा अडवते, वारा वाळू टाकतो आणि टेकडी वाढत जाते. कॉटनवुडची झाडेही अशीच गाडली जाऊन पुन्हा वर येतात. वाळू एकदा स्थिर झाली की झुडपे येतात, मग पाइन व जुनिपर, आणि आणखी आत काळ्या ओकची राई. पानगळीने मातीत कुजकट घटक मिसळतो, सावली वाढते, ओल टिकते. पहिल्या रहिवाशांनी दुसऱ्यांसाठी जागा तयार केलेली असते आणि त्या जागेत स्वतः पहिल्यांना मात्र राहता येत नाही. या क्रमालाच आज आपली शाळा-महाविद्यालयातील मुले वनस्पतींचे अनुक्रमण या नावाने शिकतात.

सलग काही हंगाम काउल्स या टेकड्यांत हिंडले. इंडियानाच्या टेकड्यांबरोबरच मिशिगन राज्यातील उत्तरेकडचा किनाराही त्यांनी पालथा घातला. १८९८ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि १८९९ साली ‘बोटॅनिकल गॅझेट’ या नियतकालिकाने त्यांचा प्रबंध चार भागांत प्रसिद्ध केला. १९०१ साली शिकागो परिसरातील वनस्पतिसमूहांवर त्यांचा दुसरा महत्त्वाचा निबंध आला.

त्यांच्या विचारातील एक बारकावा आम्हाला विशेष मोलाचा वाटतो. अनुक्रमणाचा प्रवास एका निश्चित, अढळ मुक्कामाला जाऊन थांबतो, असे मानण्याकडे त्या काळातील अनेकांचा कल होता. काउल्स यांनी तसे मानले नाही. क्रम कधी मागेही फिरतो, वारा स्थिर टेकडीला भगदाड पाडतो, वाळू जंगल गिळते, आणि ज्या मुक्कामाकडे वनस्पती निघाल्या आहेत तो मुक्कामही बदलत असतो, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. पुढे १९५८ साली जेरी ओल्सन या शास्त्रज्ञाने किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने याच टेकड्यांची वये मोजली. सर्वांत जुन्या टेकड्यांवरही ओकचेच वन टिकून आहे आणि ठिकाणागणिक क्रम निराळा होतो, असे त्यांना आढळले. काउल्स यांच्या मांडणीतील काही तपशील त्यामुळे दुरुस्त झाले, परंतु निसर्गाला एकाच साच्यात कोंबू नये ही त्यांची सावधगिरी अधिकच पटली.

लिहिले थोडे, घडविले पुष्कळ

काउल्स यांनी आपले सारे सेवाजीवन शिकागो विद्यापीठातच घालवले. १९११ साली कोल्टर व बार्न्स यांच्यासह लिहिलेल्या वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील परिस्थितिविज्ञानाचा खंड त्यांचा आहे. त्यानंतर त्यांची लेखणी फारशी चालली नाही. त्यांची शक्ती गेली ती विद्यार्थ्यांना घेऊन रानोमाळ भटकण्यात. प्राणी-परिस्थितिविज्ञानाचे प्रवर्तक व्हिक्टर शेल्फर्ड, हिमनदीच्या मागे उघड्या पडलेल्या जमिनीवर वनस्पती कशा येतात याची अलास्कात वर्षानुवर्षे नोंद ठेवणारे विल्यम कूपर, असे नामवंत अभ्यासक त्यांच्या तालमीत तयार झाले. १९१३ साली युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांचा एक गट अमेरिकेच्या अभ्यासदौऱ्यावर आला, तेव्हा त्या दौऱ्याची धुरा काउल्स यांनी वाहिली. १९१५ साली अमेरिकन परिस्थितिविज्ञान संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत ते होते आणि पुढे तिचे अध्यक्षही झाले.

टेकड्यांसाठी साक्ष

दरम्यान त्या टेकड्यांवर संकट आले होते. १९०६ साली सरोवराच्या काठी पोलादाचा प्रचंड कारखाना आणि त्याभोवती गॅरी हे शहर उभे राहू लागले. वाळूचे डोंगर सपाट झाले. मिशिगन सिटी येथील हूझियर स्लाइड ही उंच, प्रसिद्ध टेकडी काचेच्या बरण्या व इतर कामांसाठी वाळू उपसून उपसून १९२० पर्यंत नामशेष झाली. ज्या भूमीवर त्यांचा प्रबंध उभा होता, तीच डोळ्यांदेखत मालगाडीत भरून जात होती.

३० ऑक्टोबर १९१६ रोजी स्टीफन मॅथर यांनी शिकागोत एक सरकारी सुनावणी घेतली. हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखावा काय, असा प्रश्न होता. काउल्स यांनी तेथे साक्ष दिली. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या, रुक्ष आणि दमट प्रदेशातल्या वनस्पती इतक्या लहान जागेत एकत्र नांदतात, हे या टेकड्यांचे वैभव त्यांनी सांगितले. सभेचे मत अनुकूल होते. परंतु १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि प्रस्ताव बाजूला पडला. लोकांनी पाठपुरावा सोडला नाही. १९२० च्या दशकात इंडियानाचे राज्य उद्यान झाले, १९६६ साली किनाऱ्याच्या आणखी भागाला केंद्रीय संरक्षण मिळाले आणि २०१९ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा लाभला. तोवर मधल्या टेकड्यांचा मोठा भाग पोलाद कारखाने व बंदर यांच्यापायी गेला होता. जे वाचले त्यात एक दलदलीचा प्रदेश आहे आणि त्याला काउल्स यांचेच नाव आहे.

अखेरच्या वर्षांत कंपवाताने त्यांचे शरीर दुर्बळ केले. १९३४ साली ते निवृत्त झाले. पुढच्या वर्षी ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाने त्यांच्या गौरवार्थ अंक काढला. १२ सप्टेंबर १९३९ रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. राष्ट्रीय उद्यान पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर मर्यादवेल पसरते तेव्हा ती मॅरम गवताचेच काम करीत असते. ती वाळू धरून ठेवते आणि पाठीमागच्या वाडीला आधार देते. आपण त्या वेलीवरून रोज चालतो, तिच्याखालची वाळू बांधकामासाठी उपसली जाताना पाहतो आणि ती ओसाड जागा आहे असे समजतो. काउल्स यांच्या आधी त्या टेकड्यांनाही लोक असेच ओसाड समजत होते.

पदवीसाठी विषय शोधणाऱ्या आमच्या तरुण वाचकांना आम्ही एवढेच सुचवू, की विषय पुष्कळदा आपल्या पायाखाली असतो. मात्र तो निवडल्यावर त्याचे ऋण पदवीदान समारंभाने फिटत नाही. काउल्स यांना डॉक्टरेट मिळाली १८९८ साली आणि टेकड्यांच्या बाजूने ते साक्षीला उभे राहिले १९१६ साली. मधल्या अठरा वर्षांत ते त्या वाळूत पुनःपुन्हा गेले होते, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते.